तत्त्वज्ञान विभाग बंद करून किती वाचतं?

2024 च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲशव्हिलच्या सरकारी विद्यापीठाने चार विभाग बंद करण्याचा प्रस्ताव मांडला: तत्त्वज्ञान, नाट्य, धर्माभ्यास आणि प्राचीन भूमध्य संस्कृती. जुलैत तो मंजूरही झाला. कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. अंदाजपत्रकात सुमारे 60 लाख डॉलरची तूट, पाच वर्षांत पटसंख्या जवळपास पाव हिश्श्याने घटलेली, आणि या विभागांतून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलं थोडी. एका बाजूने हळहळ व्यक्त झाली, दुसऱ्या बाजूने ‘मग सरकारने किती दिवस पोसायचं’ असंही म्हणून झालं.

विभाग बंद केला की त्याचा खर्च वाचतो, हे मात्र दोन्ही बाजूंनी गृहीतच धरलेलं असतं. वाद होतो तो फक्त, वाचवलेला पैसा गमावलेल्या विद्येच्या मोलाचा आहे का, एवढ्यापुरता. आमचं म्हणणं त्याच्या एक पायरी अलीकडचं आहे. सरकारी लिबरल आर्ट्स विद्यापीठात छोटा विभाग बंद करून फारसे पैसे वाचतच नाहीत. तसं वाटतं, कारण हिशोब चुकीच्या रकान्यात मांडलेला असतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. ‘आर्ट्स’ म्हटलं की आपल्याला कला शाखा आठवते आणि ‘लिबरल’ म्हटलं की राजकीय मतं. इथे दोन्ही गैरलागू. मूळ लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ स्वतंत्र माणसाला, म्हणजे गुलाम नसलेल्याला, शोभणाऱ्या विद्या. मध्ययुगीन युरोपात त्या सात मोजल्या जात. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही आधीची तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल ही नंतरची चार. सातांपैकी तीन तर सरळच गणित-विज्ञानातल्या. म्हणून आजही अशा विद्यापीठात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि ग्रीक भाषेचा वर्ग एकाच छताखाली असतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पदवीची बांधणी साधारण अशी असते. चार वर्षांत 120 क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे सुमारे पंधरा आठवडे दर आठवड्याला वर्गात एक तास, आणि त्यावर स्वतःचा दोन तासांचा अभ्यास. ढोबळमानाने एक तृतीयांश क्रेडिट सगळ्यांना सामाईक असलेल्या अभ्यासक्रमाची, एक तृतीयांश मुख्य विषयाची, उरलेली दुसऱ्या विषयाची किंवा ऐच्छिक. मुख्य विषय ठरवायला दुसरं वर्ष संपेपर्यंत सवड असते. म्हणजे जीवशास्त्राची पदवी घेणारी मुलगी तर्कशास्त्राच्या वर्गात बसतेच, आणि इतिहासवाला संख्याशास्त्राच्या. पुढचा सगळा हिशोब याच एका गोष्टीवर उभा आहे.

आता ‘सरकारी’ या शब्दाकडे. लिबरल आर्ट्स म्हटलं की न्यू इंग्लंडमधली श्रीमंत खासगी कॉलेजं डोळ्यांपुढे येतात: विटांच्या इमारती, वेलींनी झाकलेल्या भिंती, पिढीजात देणगीदार. पण सर्वसामान्यांच्या मुलांना हे शिक्षण सरकारने द्यावं ही कल्पना तिथे नवी नाही. 1862 च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कॉलेजं काढण्यासाठी केंद्राची जमीन दिली. शेतीची आणि यंत्रविद्येची कॉलेजं हा त्यातला गाजलेला भाग. पण कष्टकरी वर्गांना ‘उदार आणि व्यावहारिक’ असं दोन्ही शिक्षण मिळावं, हा हेतूही त्याच कलमात लिहिलेला आहे. व्यवहारात त्यातून जी विद्यापीठं वाढली ती अवाढव्य झाली. पहिल्या वर्षाचे वर्ग नाट्यगृहाएवढे, आणि निबंध तपासायला पदव्युत्तर विद्यार्थी.

लहान आकाराची सरकारी लिबरल आर्ट्स विद्यापीठं बहुतेक वेगळ्या मुळातून आली, ती शिक्षक घडवणाऱ्या ‘नॉर्मल स्कूल’मधून. न्यूयॉर्क राज्यातलं जेनेसिओ 1871 चं, मॅसॅच्युसेट्समधलं नॉर्थ ॲडम्स 1894 चं, व्हर्जिनियातलं मेरी वॉशिंग्टन 1908 चं. सगळी सुरुवातीला अध्यापक विद्यालयंच. त्यात एक तर्क आहे. शाळेत सगळे विषय शिकवायचे, म्हणून शिक्षक घडवणाऱ्या संस्थेत सगळ्या विषयांचे छोटे छोटे विभाग आपोआप तयार झाले. पुढे शिक्षणशास्त्राची पकड सैल झाली तेव्हा मोडून पडण्याऐवजी काहींनी हाच सांगाडा नव्या कामाला लावला.

मिसूरी राज्यातल्या कर्क्सव्हिलचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. 1867 मध्ये खासगी नॉर्मल स्कूल म्हणून सुरू झालेली संस्था पुढे राज्याने घेतली आणि ती पायरीपायरीने प्रादेशिक विद्यापीठ झाली. 1985 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून तिला संपूर्ण राज्यासाठीचं एकमेव सरकारी लिबरल आर्ट्स आणि विज्ञान विद्यापीठ ठरवलं. 1996 मध्ये नाव बदलून ट्रूमन स्टेट झालं. हा निर्णय कुणा कुलगुरूच्या हौसेचा नव्हता. संशोधनाचं मोठं विद्यापीठ एक, व्यवसायाभिमुख प्रादेशिक विद्यापीठं अनेक, आणि लहान वर्गांत कसून शिकवणारं एक, अशी राज्याने कामाची वाटणी केली होती. शिवाय त्याआधीच, 1970 च्या दशकापासून, मुलं येताना काय जाणत होती आणि जाताना काय जाणतात हे चाचण्यांनी मोजण्याची शिस्त त्या संस्थेने लावून घेतली होती. ‘याचा उपयोग काय’ असं विचारणाऱ्या आमदारापुढे ठेवायला तिच्याकडे कागद होता. अशा बहुतेक संस्थांकडे तो नसतो, आणि ही चूक त्यांची स्वतःची आहे.

मिनेसोटातलं मॉरिस मात्र या वाटेने आलं नाही. तिथे आधी आदिवासी अमेरिकन मुलांसाठीची निवासी शाळा होती, तीही मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि घरापासून तोडणाऱ्या व्यवस्थेतली. 1909 मध्ये ती जागा राज्याला मिळाली तेव्हा अट घातली गेली की आदिवासी विद्यार्थ्यांना तिथे शिकवणीची फी लागणार नाही. 1910 मध्ये तिथे शेतीशाळा निघाली, 1960 मध्ये विद्यापीठ आलं, आणि ती अट आजही लागू आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस कॉलेजातही असाच करार चालतो. सार्वजनिक संस्थेच्या डोक्यावर असे जुने शब्द असतात. ताळेबंदात ते दिसत नाहीत.

आता हिशोब. समजा 1,500 विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे. प्रत्येक जण सत्रात चार अभ्यासक्रम घेतो, म्हणजे सत्राला 6,000 खुर्च्या भरायच्या. सरासरी वर्ग 20 चा धरला तर 300 तुकड्या. एक प्राध्यापक सत्राला तीन तुकड्या घेतो, म्हणजे 100 प्राध्यापक. यातलं ‘खुर्ची’ हे एकक लक्षात ठेवायचं. विद्यार्थी कुठल्याही विषयाचा असो, तो वर्षाला आठ खुर्च्या व्यापतो. तत्त्वज्ञानात नाही बसला तर समाजशास्त्रात बसेल, पण बसेलच.

तत्त्वज्ञानाच्या विभागात चार प्राध्यापक आहेत. वर्षाच्या तुकड्या 24. त्यांतल्या 14 तुकड्या तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, वैद्यकीय नीती अशा सामाईक अभ्यासक्रमाच्या, प्रत्येकी 25 मुलांच्या. झाल्या 350 खुर्च्या. उरलेल्या 10 तुकड्या वरच्या वर्गांच्या, प्रत्येकी 9 मुलांच्या. म्हणजे 90. एकूण 440 खुर्च्या, सरासरी 18 च्या वर. विद्यापीठाच्या 20 च्या सरासरीपेक्षा जेमतेम पावणेदोनने कमी. पण नियामक मंडळापुढे जो तक्ता जातो त्यात लिहिलेलं असतं: प्राध्यापक 4, वर्षाला पदवीधर 6. वाचणाऱ्याला वाटतं, सहा मुलांसाठी चार पगार!

विभाग बंद केला. चार पगार वाचले? सामाईक अभ्यासक्रमाच्या 350 खुर्च्या कुणीतरी भरायच्याच आहेत. 25 च्या हिशोबाने 14 तुकड्या, म्हणजे सव्वादोन प्राध्यापकांहून थोडं जास्त काम. उरले पावणेदोनहून जरा कमी. वरच्या वर्गांतली मुलं विद्यापीठातच राहिली तर त्यांच्या 90 खुर्च्या इतर विषयांत भरतील, सरासरी 20 ने साडेचार तुकड्या, म्हणजे आणखी पाऊण प्राध्यापक. शेवटी हाती लागतो साधारण एक पगार, किंबहुना त्याहून किंचित कमीच. आणि त्यांतली पाच-सात मुलं विद्यापीठच सोडून गेली तर त्यांची फी आणि त्यांच्यामागे राज्याकडून येणारं अनुदान वजा करा. तोही पगार उरत नाही.

यावर उत्तर येतं की इतर वर्गांत रिकाम्या खुर्च्या असतील, मुलं तिथे बसतील, नव्या तुकड्या कशाला? खरं आहे. पटसंख्या पाव हिश्श्याने घसरली असेल तर रिकाम्या खुर्च्या असणारच. पण मग तुकड्या कमी करा. 14 ऐवजी 11 तुकड्या काढा, प्रत्येकीत 32 मुलं घ्या, निवृत्त होणाऱ्याची जागा वर्षभर भरू नका. विभागाला टाळं न लावता तीच बचत होते, आणि पुढे पट वाढला तर उलटवताही येते. बंद केलेला विभाग पुन्हा उघडल्याची उदाहरणं फार सापडत नाहीत.

बचतीचं वेळापत्रकही कुणी पाहत नाही. कायम नोकरीतल्या प्राध्यापकाला काढायचं तर वर्षभराची नोटीस किंवा तेवढा पगार ही तिथली प्रस्थापित रीत. विभागात आधीच दाखल झालेल्या मुलांना पदवी पुरी करू द्यावी लागते. मानांकन देणाऱ्या संस्था त्याची लेखी योजना मागतात. म्हणजे दोन-तीन वर्षं वरचे वर्ग तीन-तीन, चार-चार मुलांसाठी चालवायचे. तूट यंदाची, बचत तीन वर्षांनंतरची. मधल्या काळात वर्तमानपत्रात मथळा येतो, आणि पुढच्या वर्षी अर्ज करू पाहणारी बारावीतली मुलगी तो वाचते.

पण ही विद्यापीठं काही निरागस नाहीत. वरच्या वर्गांच्या दहाच्या दहा तुकड्या दरवर्षी काढण्याचं कारण बहुतेकदा सवय हेच असतं. पाच यंदा, पाच पुढच्या वर्षी, अशी आलटून-पालटून मांडणी केली तर नऊच्या जागी सतरा-अठरा मुलं बसतात. हे कागदावर सोपं आहे, प्रत्यक्षात फसतं ते एका ठरावीक जागी. दोन वर्षांचं वेळापत्रक आधी जाहीर केलेलं नसतं, मधेच एक जण अभ्यासरजेवर जातो, त्याचा अभ्यासक्रम वर्षभर पुढे ढकलला जातो, आणि शेवटच्या सत्रात असलेल्या मुलाची पदवी तीन क्रेडिटसाठी अडकते. मग अपवाद म्हणून एकट्यासाठी स्वतंत्र अभ्यास लावून दिला जातो, ज्याची मोजदाद कुणाच्याच कामात होत नाही. चक्र आखायचं तर रजांचं वेळापत्रकही त्याच कागदावर हवं.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचंही तसंच. फ्लोरिडातल्या न्यू कॉलेजसारख्या ठिकाणी प्रत्येकाने प्रबंध लिहून तोंडी परीक्षा द्यायची रीत. ही या शिक्षणाची सगळ्यांत मौल्यवान गोष्ट. पण एका प्राध्यापकाकडे सहा प्रबंध आले आणि ते त्याच्या तीन तुकड्यांवर वरकड राहिले, की तो मसुदे वरवर चाळायला लागतो. सहा प्रबंध बरोबर एक तुकडी, असा लेखी नियम नसेल तर प्रबंधाची सक्ती करू नये. सक्ती आणि वेळ एकत्र देता येत नसेल तर निदान पुस्तिकेत फुशारकी तरी मारू नये.

सामाईक अभ्यासक्रमाची दुर्दशा तर आणखी वेगळी. अनेक ठिकाणी तो हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखा झाला आहे. मानव्यविद्यांतून दोन, समाजशास्त्रांतून दोन, विज्ञानातून एक प्रयोगशाळेसह; प्रत्येक रकान्यात चाळीस-पन्नास नावं. यामागे शैक्षणिक विचार कमी आणि विभागांचं आपसांतलं राजकारण जास्त असतं. यादीत नाव असलं की खुर्च्या मिळतात, खुर्च्या असल्या की जागा टिकतात. पण विद्यार्थ्याच्या हाती येतात ते पाच सुटे तुकडे. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन कॉलेजने 1971 मध्ये दारं उघडली तेव्हा याच्या दुसऱ्या टोकाला उडी घेतली होती. सत्राची सगळी 16 क्रेडिट एकाच विषयसूत्राला, दोन-तीन प्राध्यापक मिळून शिकवणार, गुणांऐवजी लेखी अभिप्राय. कल्पना देखणी आहे, पण नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला 16 क्रेडिटचा अख्खा गठ्ठा पेलत नाही, आणि दुसरीकडे बदली घेताना लेखी अभिप्रायांचं भाषांतर गुणांत करत बसावं लागतं. 2010 नंतरच्या दशकभरात तिथली पटसंख्या निम्म्यावर आली; कारणं अनेक, हेही त्यांतलं एक असावं.

बदलीचा प्रश्न सरकारी विद्यापीठाला टाळता येत नाही. स्वस्त सामुदायिक कॉलेजात दोन वर्षं काढून येणारी मुलं हा त्याचा हक्काचा आणि गरजूही विद्यार्थिवर्ग. मिसूरीत 2018 पासून 42 क्रेडिटचा एक सामाईक गट राज्यभर मान्य झाला. कुठेही पुरा करा, सगळीकडे चालेल. मुलांचे पैसे वाचले, हे चांगलंच. पण लिबरल आर्ट्स विद्यापीठाचं वैशिष्ट्य जर पहिल्या दोन वर्षांच्या सामाईक अभ्यासक्रमातच असेल, तर असा विद्यार्थी नेमकं तेच चुकवून थेट तिसऱ्या वर्षात येतो. म्हणून सामाईक भागाचा एक तुकडा वर, तिसऱ्या वर्षात ठेवावा लागतो. ट्रूमनमध्ये तिसऱ्या वर्षी दोन विद्याशाखा जोडणारा, भरपूर लेखन करून घेणारा वर्ग होता तो याच जातीचा. अशा वर्गात 20 पेक्षा जास्त मुलं बसवली की लेखन तपासणं थांबतं, आणि ते थांबलं की वर्ग नावापुरता उरतो.

पैशाच्या मुळाशी एक दुखणं आहे, ते कुठल्याच कुलगुरूच्या हातात नाही. विल्यम बोमोल या अर्थतज्ज्ञाने 1960 च्या दशकात दाखवून दिलं की चार वादकांचा मेळ दोनशे वर्षांपूर्वी चार जणांनीच वाजवायचा आणि आजही चौघेच लागतात. इतर धंद्यांत उत्पादकता वाढून पगार वाढतात, तसे यांचेही वाढवावे लागतात, पण काम वेगाने उरकत नाही. वीस मुलांचे निबंध वाचणं हे तसलंच काम. त्यात राज्याचं अनुदान शिकवलेल्या क्रेडिटच्या संख्येवर ठरत असेल, तर 200 च्या वर्गाला आणि 20 च्या वर्गाला माणशी तेवढेच पैसे. लहान वर्ग हेच ज्याचं काम, त्याला ते पार पाडल्याबद्दल दंड.

मेरीलँडमधल्या सेंट मेरीज या सरकारी कॉलेजने 1992 मध्ये यातून वाट काढली. राज्याने संख्येशी न बांधलेलं ठोक अनुदान द्यायचं, बदल्यात कारभाराची मोकळीक आणि जास्त फी आकारायची मुभा. बरीच वर्षं चाललं. मग फी चढत गेली आणि 2013 मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रवेशात अपेक्षेपेक्षा सुमारे शंभर मुलं कमी आली. दोन हजारांहून कमी मुलांच्या संस्थेत शंभराची खोट एका वर्षात संपत नाही. ती तुकडी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, आणि खिंडारही तिच्याबरोबर चार वर्षं वर सरकत राहतं. ठोक अनुदान योग्यच होतं. फी मोकळी सोडायला नको होती. आता सगळीकडेच मुलं कमी होत जाणार आहेत. अमेरिकेत 2007 मध्ये विक्रमी 43 लाख जन्म झाले, नंतर आकडा उतरत गेला. ती 2007 ची मुलं 2025 मध्ये अठरा वर्षांची झाली. त्याच जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा स्टेटने सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलरच्या तुटीपायी सहा विभाग आणि विद्यापीठाचे सगळे क्रीडासंघ बंद करण्याचं जाहीर केलं. त्या सहांत तत्त्वज्ञान होतं, आणि अर्थशास्त्रही.

राजकारणाचा धोका वेगळाच. 2023 च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या गव्हर्नरांनी न्यू कॉलेजवर सहा नवे विश्वस्त नेमले, महिनाभरात कॉलेजच्या अध्यक्षांना पदावरून हटवलं गेलं, वर्षाच्या आत लिंगभाव-अभ्यासाचा विषय रद्द झाला, प्राध्यापक मोठ्या संख्येने सोडून गेले. तिथे हिशोबाचा आव आणायचीही गरज पडली नाही. सरकारी पैसा घेतला की सरकारचा हात येणार हे खरं, पण तूट दाखवून केलेली कत्तल आणि मत न पटल्याने केलेली कत्तल या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीला निदान आकड्यांनी उत्तर देता येतं.

त्यासाठी मंडळापुढे येणारा तक्ता बदलला पाहिजे. विभाग, प्राध्यापक, पदवीधर या तीन रकान्यांच्या पुढे आणखी तीन हवेत: विभागाने वर्षभरात भरलेल्या एकूण खुर्च्या, त्यांतल्या इतर विषयांच्या मुलांच्या किती, आणि विभाग गेला तर त्या खुर्च्यांसाठी लागणाऱ्या तुकड्या किती. ही माहिती जमवायला समिती नेमावी लागत नाही. सत्र सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की एका ठरल्या तारखेला कुलसचिवांच्या कार्यालयात प्रत्येक तुकडीचा पट गोठवला जातो. राज्याला कळवायचे आकडेही त्यातूनच जातात. फक्त बंद करायच्या विभागांची यादी बनते तेव्हा ती फाईल टेबलावर नसते.